ऐकलेली शिकवण वचनाशी कशी ताडून पाहावी: नव्या विश्वासणाऱ्यांसाठी

विश्वासात नव्याने आलेल्या माणसाकडे शिकवण चारही बाजूंनी येते. रविवारचा संदेश, घरगुती प्रार्थनासभा, मोबाइलवरचे व्हिडिओ, कॅलेंडरवर छापलेली वचने, कुणीतरी पुढे ढकललेले मेसेज. प्रत्येकाखाली संदर्भ असतो, आणि संदर्भ दिसला की नवा माणूस पुढे विचारत नाही. पवित्र शास्त्रात आहे म्हणजे बरोबरच असणार, असे त्याला वाटते.

घोळ इथेच होतो. मत्तय ४:६ उघडा. सैतान येशूला मंदिराच्या शिरोभागावर उभे करतो आणि उडी टाक म्हणतो, तेव्हा तो स्तोत्र ९१ मधले, देवदूत तुला हातांवर झेलतील असे, वचन देतो. वचन खरे आहे, त्यावरून काढलेला अर्थ खोटा आहे. येशू स्तोत्र नाकारत नाही. 'असेही लिहिले आहे' म्हणून तो अनुवाद ६:१६, देवाची परीक्षा पाहू नको, हे वचन पुढे ठेवतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या या 'असेही'भोवती फिरतात.

पारखणे म्हणजे अविश्वास, असे कुणी म्हणाले तर प्रेषितांची कृत्ये १७:११ दाखवा. बिरुयातल्या लोकांनी साक्षात पौलाची शिकवण रोज शास्त्रात तपासली, आणि त्याबद्दल त्यांना मोठ्या मनाचे म्हटले आहे. पौलाला जे चालले ते आजच्या वक्त्यालाही चालायला हवे.

जवळ काय हवे

- दोन मराठी भाषांतरे. एक मंडळीत वाचले जाते ते, दुसरे सोप्या मराठीतले. (भाषांतराला इथे मुद्दाम 'अनुवाद' म्हणत नाही, कारण ते जुन्या करारातल्या पाचव्या पुस्तकाचे नाव आहे. नवे लोक इथे हमखास गोंधळतात.)
- तळटिपा आणि समासातले संदर्भ असलेली छापील प्रत. अॅप शोधायला उत्तम, पण त्यात एकच वचन समोर येते आणि आजूबाजूचे दिसत नाही.
- शब्दसूची (कोणता शब्द कोणत्या वचनांत येतो ते सांगणारे पुस्तक) किंवा अॅपमधला शब्दशोध.
- वही आणि पेन.
- एका शिकवणीसाठी साधारण ४० ते ६० मिनिटे. पहिल्या दोन-तीन वेळा दुप्पट लागतील.
- एखादा जाणता विश्वासू माणूस. तुमच्या प्रत्येक मताला मान डोलावणारा नको.

पुस्तकांच्या संख्येवरून गडबडू नका. प्रोटेस्टंट प्रतीत ६६ पुस्तके असतात, कॅथलिक प्रतीत ७३. फरक जुन्या करारात आहे, नव्या कराराची २७ पुस्तके दोन्हीकडे तीच आहेत.

१. शिकवण एका वाक्यात लिहून काढा

तासाभराच्या संदेशात साक्षी, गाणी, विनोद, आरोळ्या सगळे असते. त्यातून नेमका दावा वेगळा काढा. वक्त्याचे शब्द लिहू नका, त्याने काय मान्य करायला सांगितले ते लिहा. खाली तीन ओळी घाला: कोणती वचने दिली, हे आश्वासन आहे की आज्ञा की माहिती, आणि हे खरे मानले तर मला उद्यापासून काय करावे लागेल.

या लेखात आपण एक दावा शेवटपर्यंत सोबत ठेवू, कारण तो सर्रास ऐकू येतो आणि त्याने प्रत्यक्ष इजा होते: 'खरा विश्वास असेल तर ख्रिस्ती माणूस आजारी राहत नाही.' दिलेले वचन १ पेत्र २:२४, त्यातला शेवटचा भाग, त्याला बसलेल्या माराने तुम्ही बरे झाला आहात. 'उद्यापासून काय'च्या ओळीत बऱ्याचदा लिहावे लागते: औषध बंद.

दावा एका वाक्यात बसतच नसेल तर तीही खूण आहे. संदेश बहुधा भावनेवर चालला होता. तो वाईट होता असे नाही, पण त्यातून शिकवण म्हणून काही उचलू नका.

२. वचन नव्हे, उतारा वाचा

अध्याय आणि वचनांचे आकडे मूळ लेखकांनी घातलेले नाहीत. आज वापरात असलेल्या अध्यायांचे श्रेय तेराव्या शतकातल्या स्टीफन लँगटनला दिले जाते. नव्या करारातली आजची वचनविभागणी रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ साली छापली. हे आकडे पत्त्यासारखे आहेत, सापडण्याच्या सोयीसाठी. पौलाने पत्र लिहिले ते सलग वाचून दाखवण्यासाठी.

म्हणून तीन वेढ्यांत वाचा. आधी तो परिच्छेद, मग अख्खा अध्याय, मग शक्य असेल तर पुस्तक. छोट्या पत्रांच्या बाबतीत शेवटचे अवघड नाही. फिलिप्पैकरांस पत्र चार अध्यायांचे, १०४ वचनांचे आहे. याकोबाचे पत्र पाच अध्यायांचे, १०८ वचनांचे. सावकाश मोठ्याने वाचले तरी प्रत्येकी वीस मिनिटांच्या आसपास होते.

दोन उदाहरणे करून पाहा.

यिर्मया २९:११, देवाच्या मनातले संकल्प हिताचे आहेत. परीक्षेच्या आदल्या दिवशी, नोकरीच्या मुलाखतीआधी हे वचन हमखास येते. आता दहावे वचन वाचा: बाबेलची सत्तर वर्षे पुरी झाल्यावर. हे पत्र बंदिवासात नेलेल्या लोकांना आहे, आणि पाचव्या वचनापासून त्यांना सांगितले आहे की घरे बांधा, बागा लावा, लग्ने करा, त्या परक्या नगराचे हित साधा. म्हणजे लवकर सुटका होणार नाही, तिथेच नीट जगा. आधीच्या २८ व्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा 'दोन वर्षांत सगळे परत येईल' असे सांगत होता. लोकांना तेच गोड लागत होते, आणि तोच खोटा ठरला. संदर्भाबाहेर काढलेले २९:११ पुष्कळदा हनन्याच्याच संदेशासारखे वापरले जाते. वचनातला धीर आजच्या वाचकालाही मिळतो. देव आपल्या लोकांना विसरत नाही, इतके त्यातून नक्की घ्यावे. पण त्यावर तारीख आणि निकाल लिहू नये.

फिलिप्पै ४:१३, मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे. हे 'सर्वकाही' कोणते ते आधीच्या दोन वचनांत आहे: तृप्त असणे आणि भुकेले राहणे, विपुलता आणि टंचाई. पौल हे बंधनात असताना लिहितो. वचन यशाबद्दल नाही, कोणत्याही स्थितीत टिकून राहण्याबद्दल आहे.

आता आपला दावा. १ पेत्र २:२४ चा परिच्छेद १८ व्या वचनापासून सुरू होतो. विषय आहे अन्यायाने मार खाणारे चाकर. २४ व्या वचनाच्या पहिल्या अर्ध्यात ख्रिस्ताने आपली पापे वाहिली असे आहे, आणि २५ व्यात भटकलेली मेंढरे परत आली. 'बरे होणे' इथे पापापासून परत येण्याच्या अर्थाने आले आहे. मात्र घाईने पान उलटू नका. पेत्राने हे शब्द यशया ५३ मधून घेतले आहेत, आणि मत्तय ८:१७ मध्ये त्याच अध्यायातले चौथे वचन शारीरिक आजार बरे करण्याच्या संदर्भातच घेतले आहे. म्हणजे शरीर विषयाबाहेर टाकता येत नाही. दोन्ही नोंदी वहीत ठेवा. आपल्या मताला सोयीची तेवढीच नोंद घेणे हा याच प्रकारचा दोष आहे, फक्त आपल्या बाजूचा.

३. कोण बोलतो, कोणाशी बोलतो

पवित्र शास्त्रात सैतानाचे शब्द आहेत, फारोचे आहेत, चुकलेल्या मित्रांचे आहेत. ते प्रामाणिकपणे नोंदलेले आहेत, शिकवण म्हणून दिलेले नाहीत.

ईयोब ८:७ पाहा: तुझा आरंभ अल्प असला तरी शेवट फार मोठा होईल. नव्या धंद्याच्या, नव्या मंडळीच्या शुभारंभाला हे वचन मोठ्या अक्षरांत लावतात. बोलणारा आहे ईयोबाचा मित्र बिल्दद. तो ईयोबाला सांगतोय की तुझी मुले त्यांच्या पापामुळे मेली असतील, तू निर्दोष असशील तर तुझे भले होईल. आणि ४२:७ मध्ये देव म्हणतो की ईयोबाचे हे मित्र माझ्याविषयी यथार्थ बोलले नाहीत. म्हणजे ज्यांच्या बोलण्यावर देवाचाच राग आहे त्यांचे वाक्य आपण फ्रेम करून लावतो. (उलटी टोकाची चूकही करू नका. त्याच मित्रांपैकी अलीफजचे ५:१३ मधले बोलणे पौलाने १ करिंथ ३:१९ मध्ये घेतले आहे. चुकीचा माणूस कधीकधी बरोबर वाक्यही बोलतो, म्हणून पाचवी पायरी टाळता येत नाही.)

याच पायरीवर दुसरा प्रश्न: हे घडले म्हणून सांगितले आहे, की करा म्हणून? शास्ते ६ मधला गिदोन लोकर पसरून दोनदा चिन्ह मागतो. पुष्कळांनी त्यावरून देवाची इच्छा ओळखण्याची पद्धतच बनवली आहे. पण १४ आणि १६ व्या वचनांत गिदोनाला आज्ञा आधीच मिळालेली आहे. लोकर हा त्याच्या डळमळीतपणाचा भाग आहे, देवाने तो सहन केला. 'असे करत जा' असे कुठेही म्हटलेले नाही. कुलपित्यांच्या (अब्राहाम, याकोब अशा मूळ पूर्वजांच्या) अनेक बायका, चिठ्ठ्या टाकणे, दाविदाचे युद्ध यांच्या बाबतीतही हाच प्रश्न विचारा.

४. लेखनाचा प्रकार ओळखा

नीतिसूत्रे २६:४ म्हणते मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नकोस. २६:५ म्हणते दे. लागोपाठची दोन वचने आहेत, लेखक झोपलेला नव्हता. नीतिसूत्र हे शहाणपण असते, कधी कोणते लावायचे ते वाचणाऱ्याने ठरवायचे असते. म्हणून २२:६, मुलाला योग्य मार्गाचे शिक्षण दे म्हणजे वृद्धपणीही तो त्यापासून ढळणार नाही, हे सर्वसाधारण सत्य आहे, लेखी हमी नाही. हे न कळल्याने मुलगा भरकटलेल्या आईबापांना मंडळीत किती ऐकून घ्यावे लागते.

स्तोत्रे ही प्रार्थना आणि गाणी आहेत. दुःख, संताप, शत्रूला शाप, सगळे देवापुढे ओतलेले. दाखल्यात मुख्य मुद्दा शोधा, प्रत्येक बारीकसारीक वस्तूला अर्थ लावू नका. प्रकटीकरणातली चित्रे जुन्या कराराच्या भाषेत आहेत, विशेषतः दानीएल, यहेज्केल, जखऱ्या. ती पुस्तके न वाचता थेट आजच्या बातम्यांशी जोडणाऱ्यांपासून चार हात लांब राहा.

सर्वांत जास्त चुका नियमशास्त्रात होतात. लेवीय १९:१८ म्हणते शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर. लगेच पुढचे १९:१९ म्हणते दोन प्रकारच्या सुतांचे वस्त्र घालू नको. पहिले आपण पाळतो, दुसरे नाही, आणि हे लहर म्हणून चालणार नाही. विचारायचे असे: नव्या कराराने या आज्ञेचे काय केले? मत्तय २२:३९ मध्ये येशूने १९:१८ दुसरी मोठी आज्ञा म्हणून सांगितली. अन्नाच्या नियमांबद्दल मार्क ७:१९, यज्ञांबद्दल इब्री लोकांस पत्राचे ९ आणि १० अध्याय, सुंतेबद्दल प्रेषितांची कृत्ये १५. एवढे चार उतारे वाचून ठेवले की निम्मे प्रश्न सुटतात.

पैशाच्या शिकवणीत ही पायरी फार उपयोगी पडते. मलाखी ३:१० सगळा दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, भांडारात आणा म्हणते. ते 'भांडार' मंदिराचे आहे, दशमांश मंदिराची सेवा करणाऱ्या लेव्यांच्या उपजीविकेचा आहे (गणना १८:२१), आणि तो न दिल्याने लेवी मंदिर सोडून शेतावर गेले होते, हे नहेम्या १३:१० मध्ये दिसते. ख्रिस्ती माणसाने दशमांश द्यावा की नाही यावर मंडळ्यांत मतभेद आहेत. पण नवा करार देण्याविषयी पुरेसा स्पष्ट आहे: नियमाने आणि मिळकतीप्रमाणे (१ करिंथ १६:२), मनात ठरवल्याप्रमाणे, दडपणाने नव्हे (२ करिंथ ९:७). आणि जमा करणाऱ्याने निष्कलंक हिशोब ठेवायचा. २ करिंथ ८:२०-२१ मध्ये पौल स्वतःवर बोट उठू नये म्हणून वर्गणी एकट्याने हाताळत नाही. 'दहा दे, शंभर मिळतील' या शिकवणीत हे वचन कधी ऐकायला मिळत नाही. हिशोब मागा. तो मागणे शास्त्रसंमत आहे.

५. 'असेही लिहिले आहे'

आता दाव्याच्या विषयावर शास्त्रात आणखी काय आहे ते शोधा. शब्दसूचीत 'आजार', 'दुखणे', 'रोग', 'बरे' हे शब्द पाहा, आणि समासातल्या संदर्भांचा माग काढा. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे दाव्याला आधार देणारी वचने, उजवीकडे त्याला आवर घालणारी.

आपल्या दाव्याचे पान साधारण असे होते.

डावीकडे: येशूने पुष्कळांना बरे केले, आणि काही ठिकाणी 'तुझ्या विश्वासाने तुला बरे केले' असे म्हटले (मार्क ५:३४). याकोब ५:१४-१५, आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी.

उजवीकडे: पौलाच्या शरीरातला काटा, जो तीनदा विनंती करूनही काढला गेला नाही (२ करिंथ १२:७-९). तीमथ्याचे वारंवारचे दुखणे, ज्यावर पौल पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणतो (१ तीमथ्य ५:२३). त्रफिम, ज्याला पौलाने मिलेतात आजारी सोडले (२ तीमथ्य ४:२०). एपफ्रदीत, जो मरणाच्या दारी गेला होता, आणि त्याच्या विश्वासाबद्दल पौल एक वावगा शब्द बोलत नाही (फिलिप्पै २:२५-३०). जन्मांधाच्या बाबतीत शिष्यांनी पाप कोणाचे असे विचारले, येशूने दोन्ही पर्याय नाकारले (योहान ९:३). आणि लूक, ज्याला कलस्सै ४:१४ मध्ये प्रिय वैद्य म्हटले आहे.

दोन्ही बाजू धरून वाक्य पुन्हा लिहा: देव बरे करतो आणि त्यासाठी प्रार्थना करायला सांगतो. तो नेहमी बरे करतो असे सांगितलेले नाही. आजार हा विश्वास कमी असल्याचा पुरावा नाही. हे वाक्य मूळ दाव्याइतके चटकदार नाही, पण त्यावर माणूस दवाखान्यात आणि प्रार्थनेत दोन्हीकडे जाऊ शकतो. औषध बंद करायला सांगणारी शिकवण या पानावर टिकत नाही. मधुमेह, रक्तदाब, फिट्स, मानसिक आजार यांची औषधे डॉक्टरांना न विचारता अचानक थांबवणे जिवावर बेतू शकते.

या पायरीचे तीन नियम: स्पष्ट उताऱ्याने अस्पष्ट उतारा समजून घ्यावा, उलटे नको. एका वचनावर सिद्धांत उभारू नये. उजवी बाजू कोरी राहिली तर आपण नीट शोधले नाही असे समजून पुन्हा शोधावे. तरी कोरी राहिली तर दावा पक्का आहे.

६. तळटिपा वाचा

'नव्या बायबलमधून वचने गाळली' असा मेसेज अधूनमधून फिरतो. मत्तय १७:२१, १८:११, २३:१४ ही उदाहरणे दिली जातात. कारण साधे आहे. १५५१ मध्ये आकडे घातले ते त्या काळी हाती असलेल्या, तुलनेने उशिराच्या ग्रीक हस्तलिखितांवर. नंतर चौथ्या शतकातली सिनाई आणि व्हॅटिकन हस्तलिखिते अभ्यासकांच्या हाती आली, त्यात ही वचने नव्हती. भाषांतरकारांनी ती तळटिपेत नेली, आकडा तसाच ठेवला. लपवायचे असते तर आकडेही बदलले असते. मत्तय १८:११ चा आशय लूक १९:१० मध्ये आहेच.

मार्क १६:९-२० हा उताराही त्या दोन हस्तलिखितांत नाही. १८ व्या वचनावरून साप हातात धरणे किंवा विष पिणे ही विश्वासाची कसोटी बनवणारे लोक झाले आहेत, आणि त्यात माणसे मेली आहेत. उतारा मानणाऱ्यांनीही मत्तय ४:७, देवाची परीक्षा पाहू नको, शेजारी ठेवून वाचावा.

७. शिकवणीचे वजन ठरवा

प्रत्येक मतभेदावर मंडळी सोडायची नसते. तीन कप्पे करा.

पहिल्यात सुवार्तेचा गाभा: ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला (१ करिंथ १५:३-४), तो कोण आहे, आणि तारण कृपेने विश्वासाद्वारे आहे (इफिस २:८-९). इथे बदल करणारा स्वर्गातला दूत असला तरी ऐकायचे नाही, असे गलती १:८ म्हणते. मोजपट्टी म्हणून विश्वासाचा थोडक्यात सारांश सांगणारा प्रेषितांचा विश्वासांगीकार किंवा निकियाचा विश्वासांगीकार (३२५, विस्तार ३८१) पाठ करून ठेवा. दोन मिनिटांत म्हणून होतो.

दुसऱ्यात प्रामाणिक मंडळ्यांतले फरक: बालकांचा बाप्तिस्मा, अन्य भाषांत बोलणे, मंडळीचा कारभार. इथे आपल्या मंडळीची भूमिका समजून घ्या आणि दुसऱ्याला अविश्वासू ठरवू नका.

तिसऱ्यात विवेकबुद्धीच्या गोष्टी. रोमकरांस १४ वा अध्याय अख्खा यावर आहे: खाणे, विशेष दिवस पाळणे. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये. व्यवहारात भांडणे बहुतेक याच कप्प्यावरून पेटतात. तिसऱ्या कप्प्यातली गोष्ट पहिल्या कप्प्यात ढकलली जात असेल, 'अमुक कपडे घातले नाहीत तर तारण नाही' अशी, तर ती गंभीर बाब आहे. गलतीकरांस पत्र त्यावरच लिहिले आहे.

८. शिकवणाऱ्याकडेही पाहा

१ तीमथ्य ३:१-७ आणि तीत १:५-९ मध्ये अध्यक्षाची आणि वडिलांची पात्रता दिली आहे. मोजून पाहा: शिकवण्याची हातोटी आणि शिकवणीला धरून राहणे सोडले तर बाकी जवळपास सगळे चारित्र्याबद्दल आहे. मद्यपी नसावा, मारका नसावा, द्रव्यलोभी नसावा, घर नीट चालवणारा असावा, बाहेरच्यांत नाव चांगले असावे. चमत्कार, गर्दी, आवाज यांचा यादीत उल्लेख नाही. उलट अनुवाद १३:१-३ सांगते की एखाद्याने दिलेले चिन्ह खरे ठरले तरी तो दुसऱ्या देवांकडे नेत असेल तर त्याचे ऐकू नका.

सावध व्हायच्या जागा:

- 'हे फक्त मलाच प्रकट झाले आहे' असे म्हणणे.
- प्रश्न विचारला की 'अभिषिक्ताला हात लावू नका' हे उत्तर. ते वचन (स्तोत्र १०५:१५) वाचा, संदर्भ कुलपित्यांना इजा न करण्याचा आहे, प्रश्न न विचारण्याचा नाही.
- आशीर्वादाची रक्कम ठरलेली असणे.
- घरच्यांशी, जुन्या मित्रांशी, दुसऱ्या मंडळ्यांशी बोलायला बंदी.
- प्रभूच्या येण्याची तारीख. विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ धरली, हॅरॉल्ड कॅम्पिंगने २१ मे २०११ जाहीर केली. दोन्ही दिवस आले आणि गेले. मत्तय २४:३६, तो दिवस कोणालाच ठाऊक नाही, दोघांच्याही बायबलात होते.

९. टिकलेले जगण्यात उतरवा

इथवर येऊन थांबणारे पुष्कळ असतात. त्यांना प्रत्येक वक्त्याची चूक सापडते आणि घरी तोंड मात्र पूर्वीसारखेच सुटते. याकोब १:२२-२५ मध्ये आरशात पाहून विसरणाऱ्या माणसाचे चित्र याच लोकांसाठी आहे.

पद्धतीसाठी इफिस ४:२५-३२ घ्या. तिथे बहुतेक आज्ञांचे तीन भाग आहेत: सोडायचे काय, त्याजागी धरायचे काय, आणि का. २८ वे वचन पाहा. चोरी करणाऱ्याने चोरी करू नये, हाताने काम करावे, गरजवंताला देता यावे म्हणून. चोरी थांबली इतक्यावर पौल समाधानी नाही, चोराचा दाता व्हायला हवा. वहीत हेच तीन रकाने पाडा आणि स्वतःची एक गोष्ट लिहा.

'मी अधिक प्रेमळ होईन' हे लिहून उपयोग नाही, कारण आठवड्याने ते झाले की नाही हे सांगताच येत नाही. 'कामावर उशिरा पोहोचल्यावर खोटे कारण सांगणार नाही, झोपेने उशीर झाला तर तसे सांगेन' हे लिहा. एका वेळी एकच, मुदत सात दिवस. चुकले तर १ योहान १:९ प्रमाणे कबूल करा आणि तीच गोष्ट पुढचे सात दिवस. जाणत्या माणसाला वही दाखवा. एकट्याने केलेले तिसऱ्या आठवड्यात सुटते.

वाचनाची पायाभरणीही चालू ठेवा, नाहीतर 'असेही' कुठून आठवणार? ६६ पुस्तकांत ११८९ अध्याय आहेत, रोज तीन-चार वाचले तर वर्षात होतात. पण पहिल्या वर्षी हा हट्ट नको. उत्पत्तीपासून सुरू करणारे बहुतेक लेवीयात अडकतात. मार्क (१६ अध्याय), मग डोंगरावरचे प्रवचन (मत्तय ५ ते ७), फिलिप्पै, याकोब, रोम, आणि मग उत्पत्ती व निर्गम. सोबत रोज एक स्तोत्र.

१०. चूक सापडली तर

आधी खात्री करा की वक्ता खरेच तसे बोलला. चाळीस सेकंदांच्या कापलेल्या व्हिडिओवरून नाही, पूर्ण संदेशावरून. मग एकांतात भेटा. प्रेषितांची कृत्ये १८:२६ मध्ये अपुल्लोसाची शिकवण अपुरी होती, तर प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी त्याला आपल्याकडे नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावला. सभेत उठून टोकले नाही. जाताना वहीचे पान घेऊन जा आणि प्रश्नाने सुरुवात करा: 'या वचनाशेजारी ते वचन कसे वाचायचे?' चांगला पाळक बहुतेक वेळा खूश होतो. काही वेळा तुमचीच चूक निघते, ती वहीत लाल शाईने नोंदवा.

ऐकले नाही आणि गोष्ट पहिल्या कप्प्यातली असेल तर मत्तय १८:१५-१७ ची क्रमवारी आहे, आणि वडिलांविरुद्ध आरोपासाठी १ तीमथ्य ५:१९ दोन-तीन साक्षीदार मागते. पण ही क्रमवारी गुन्हा दाबून ठेवण्यासाठी वापरू देऊ नका. लैंगिक अत्याचार, मारहाण, पैशांची अफरातफर अशी बाब असेल तर पोलिसांकडे जा. रोम १३:१-४ प्रमाणे तलवार अधिकाऱ्याच्या हाती उगीच दिलेली नाही.

आणि न तपासलेला एखादा मेसेज तुम्हीच पुढे पाठवला असेल, जो आता चुकीचा निघाला, तर त्याच गटात, त्याच लोकांना, दुरुस्ती दोन ओळींत पाठवा. वचनाचा पूर्ण उतारा सोबत जोडा.